एन्रॉनचं थकलेलं बिल अमेरिकेच्या उपाध्यक्षांपर्यंत कसं पोचलं?

रानजाई

नमस्कार. मी चिपळूणला कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. परराष्ट्र धोरण कशावर ठरतं, याची पुस्तकात ठरलेली यादी असते: भूगोल, इतिहास, संरक्षण, अर्थव्यवस्था, नेतृत्व. परवा गुहागरकडून येणाऱ्या एका मुलाने वर्गात विचारलं, "मॅडम, या यादीत कंपन्या कुठे बसतात? आजोबा सांगतात, एन्रॉनच्या पैशासाठी अमेरिकेचं सरकार आपल्या सरकारच्या मागे लागलं होतं."

या मुलांच्या जन्माआधीच एन्रॉन ही अमेरिकन ऊर्जा कंपनी बुडाली. तिने उभारलेला अंजनवेलचा वीज प्रकल्प मुलं रोज बघतात, पण त्यामागचं त्यांना काही माहीत नाही. मलाही जेवढं आठवतं ते मोर्चे आणि मथळे. त्यामुळे इथे विचारते.

अमेरिकेचं सरकार खरंच यात उतरलं होतं, की कंपनीने इथल्या पुढाऱ्यांना पटवलं आणि बाकी सगळं गावगप्पांत वाढलं? उतरलं असेल तर नेमकं कोण, कधी, कोणत्या मार्गाने? आणि याला धंद्याने धोरण वाकवलं म्हणायचं की त्यांचं धोरणच ते होतं?

एक विनंती. "सगळे विकले गेलेले असतात" असं उत्तर नको. ते मुलांना आधीच पाठ आहे आणि त्यातून ती काही शिकत नाहीत.

---

मंडळवाला

ताई, तुमच्या विद्यार्थ्याचे आजोबा बरोबर सांगतात. मी महाराष्ट्र राज्य वीज मंडळात अभियंता होतो, आता निवृत्त आहे. खाली लिहितो ते सगळं आता जाहीर नोंदीत आहे. नोकरीतलं ज्ञान मी वापरतो आहे ते फक्त वीज कशी विकत घेतात हे सांगण्यापुरतं, कारण ते कळल्याशिवाय पुढचं राजकारण कळत नाही.

बहुतेक जण ही गोष्ट अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष डिक चेनी यांच्यापासून सांगतात. तुम्ही सप्टेंबर १९९४ पासून सांगा. त्या महिन्यात केंद्र सरकारने दाभोळ प्रकल्पाला, म्हणजे अंजनवेलच्याच या प्रकल्पाला, प्रतिहमी दिली. मंडळाने बिल थकवलं तर राज्य सरकार भरेल, ही राज्याची हमी आधीच होती. राज्यानेही नाही भरलं तर भारत सरकार भरेल, ही प्रतिहमी. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहणाऱ्या माणसाची जी गत होते, ती त्या दिवसापासून दिल्लीची झाली. अंजनवेलच्या विजेचं बिल हा तोवर एका वीज मंडळाचा आणि एका कंपनीचा व्यवहार होता. सही झाली आणि ते भारताने दिलेल्या शब्दाचं प्रकरण झालं. परदेशी सरकारला त्यात बोलायला जागा मिळाली ती इथे.

आता दुसरी बाजू बघा. एन्रॉनशी सामंजस्य करार झाला जून १९९२ मध्ये. एप्रिल १९९३ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला पैसे द्यायला नकार दिला. कारण साधं होतं. आयात केलेल्या द्रवरूप वायूवर चालणारा एवढा मोठा प्रकल्प सतत चालवावा लागणार, महाराष्ट्राला रात्रंदिवस तेवढ्या विजेची गरज नाही, आणि ती घ्यायची तर स्वस्त कोळशाची वीज बंद ठेवावी लागेल. पुढे जे जे झालं ते त्या नकाराच्या कारणांत लिहून ठेवलेलं होतं. तरीही ८ डिसेंबर १९९३ ला वीज खरेदी करार झाला.

बँकेने पाठ फिरवल्यावर पैसा आणायचा कुठून? इथल्या वित्तसंस्थांनी दिला, आणि अमेरिकेच्या दोन सरकारी संस्थांनी दिला. तिथल्या एक्झिम बँकेचं सुमारे ३० कोटी डॉलर कर्ज, आणि ओपिक या परदेशी गुंतवणुकीला आधार देणाऱ्या सरकारी महामंडळाचं १० कोटी डॉलर कर्ज, शिवाय राजकीय जोखमीचा विमा. म्हणजे अमेरिकेचं सरकार स्वतःच सावकारही झालं आणि विमा देणारंही. कंपनी बुडाली तर अमेरिकन खजिन्याला झळ.

वर्गात फळ्यावर एवढंच काढा: एका बाजूला प्रतिहमीने बांधलेली दिल्ली, दुसऱ्या बाजूला कर्जाने आणि विम्याने बांधलेलं वॉशिंग्टन, मध्ये कंपनी. या रचनेत कंपनीला वेगळा दबाव आणावा लागत नाही. तिचं भांडण आपोआप दोन सरकारांचं भांडण होतं. माझ्या मते दाभोळ प्रकरणात शिकण्यासारखं सगळ्यात मोठं हेच आहे, आणि लाच कोणी घेतली या चर्चेत तेच नेमकं हरवतं.

आता कोण, कधी, ते सांगतो.

जानेवारी १९९५ मध्ये अमेरिकेचे वाणिज्यमंत्री रॉन ब्राउन भारतात आले. बरोबर उद्योगपतींचं शिष्टमंडळ होतं, आणि त्यात एन्रॉनचे प्रमुख केनेथ ले. त्याच महिन्यात एन्रॉनच्या एक अधिकारी लिंडा पॉवर्स यांनी अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देताना सांगितलं की भारतातल्या लोकांच्या शिक्षणावर आणि प्रकल्पाच्या तयारीवर कंपनीने सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केले. या एका वाक्यावर इथे फार गदारोळ झाला. पण ती साक्ष कशासाठी होती हे बघा. परदेशी मदतीचा निधी ठरवणाऱ्या उपसमितीपुढे ती होती. एक्झिम, ओपिक यांच्यासारख्या संस्थांना पैसा मिळत राहावा म्हणून कंपनी तिथे बोलत होती. म्हणजे कंपनी त्यांच्या धोरणाची फक्त गिऱ्हाईक नव्हती. ते धोरण चालू राहावं म्हणून ती झटतही होती.

मार्च १९९५ मध्ये राज्यात युतीचं सरकार आलं. गोपीनाथ मुंडे यांच्या समितीने करार तपासला आणि ३ ऑगस्टला मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी प्रकल्प रद्द केल्याचं जाहीर केलं. त्याआधीच, जूनमध्ये, अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने उघड निवेदन काढलं होतं: करार पाळले नाहीत तर केवळ दाभोळच नव्हे, भारतातले परदेशी पैशावर अवलंबून असलेले बहुतेक सगळे खासगी वीज प्रकल्प धोक्यात येतील. एका राज्याच्या विधानसभा निवडणुकीत दिलेल्या वचनाला परदेशी खात्याने दिलेलं हे उत्तर होतं. कंपनी लंडनला लवादात गेली. नोव्हेंबरमध्ये एन्रॉनच्या वरिष्ठ अधिकारी रिबेका मार्क यांनी बाळासाहेब ठाकरे यांची भेट घेतली, आणि जानेवारी १९९६ मध्ये फेरवाटाघाटी पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. नव्या करारात दुसरा टप्पाही पक्का झाला, एकूण २१८४ मेगावॉट. ज्या प्रकल्पाला मोठा म्हणून नाकारलं होतं तो त्याहून मोठा होऊन परत आला. सुधारित करारासाठीच्या प्रतिहमीला मंजुरी दिली ती वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारने, मे १९९६ मध्ये, अगदी शेवटच्या दिवशी.

या सगळ्या काळात दिल्लीत अमेरिकेचे राजदूत होते फ्रँक विस्नर. १९९७ मध्ये त्यांनी पद सोडलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते एन्रॉनच्याच तेल-वायू उपकंपनीच्या संचालक मंडळावर गेले. मुंबईच्या समुद्रातल्या पन्ना-मुक्ता आणि ताप्ती क्षेत्रांत हिस्सा होता तीच ती कंपनी. कायद्याने गुन्हा नाही. पण तुमची मुलं विचारतील, "राजदूत असताना ते कोणाचं काम करत होते?" हा प्रश्न टाळू नका.

आता बिलाचं गणित. पहिला टप्पा, ७४० मेगावॉट, मे १९९९ मध्ये सुरू झाला. वायूचं टर्मिनल तयार नव्हतं म्हणून इंधन नाफ्था, म्हणजे खनिज तेलापासून मिळणारं इंधन. करारात दोन भाग: वीज घ्या न घ्या, द्यावाच लागणारा स्थिर आकार, आणि घेतलेल्या विजेचं इंधन. स्थिर आकार महिन्याला सुमारे ९५ कोटी रुपये. संच महिनाभर ९० टक्के क्षमतेने चालवला तर साधारण ४८ कोटी युनिट मिळतात, म्हणजे युनिटमागे दोन रुपये स्थिर आकार पडतो. तोच ४० टक्के चालवला तर २१ कोटी युनिट, आणि स्थिर आकारच साडेचार रुपयांवर जातो. त्यावर नाफ्था वेगळा. २००० मध्ये तेल महागलं. करार झाला तेव्हा ३२ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर ४६ वर गेला, आणि दर डॉलरला बांधलेला होता. म्हणून काही महिने वीज सात-आठ रुपये युनिट पडली.

कळव्याच्या भार प्रेषण केंद्रात बसणाऱ्या माणसाचा विचार करा. रात्री मागणी उतरते, कुठला तरी संच कमी करावा लागतो. स्वस्ताई बघायची तर दाभोळ आधी कमी करायचा, कारण त्याचं इंधनच सगळ्यात महाग. पण कमी केला की प्रत्येक युनिटचा दर फुगतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येतो. चालवावा तर कोराडी-चंद्रपूरचे आपले कोळशाचे संच मागे ओढायचे. दोन्हीकडून मंडळच मरतं. जागतिक बँकेने १९९३ मध्ये हेच सांगितलं होतं. मला आजही याचा राग येतो. हे कोणालाच माहीत नव्हतं असं नाही. पुण्याच्या 'प्रयास' गटाने करारातले आकडे मांडून सगळं लोकांपुढे ठेवलं होतं.

मंडळाने बिलं थकवली. फेब्रुवारी २००१ मध्ये कंपनीने केंद्राची प्रतिहमी वटवायला काढली, थकलेल्या बिलांसाठी. मंडळाचं म्हणणं होतं की २८ जानेवारीला सांगितल्यावर संच ठरलेल्या तीन तासांत पूर्ण भारावर आला नाही, त्याचा करारानुसार ४०१ कोटींचा दंड कंपनीच देणं लागते, तो बिलातून वळता करून घ्या. हा तांत्रिक वाद होता, दोन अभियंत्यांनी नोंदवह्या समोर ठेवून सोडवावा असा. मे महिन्यात मंडळाने करारच रद्द केला आणि प्रकल्प थांबला.

आणि मग तो वाद वॉशिंग्टनला कुठे पोचला, तर राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत. दाभोळसाठी तिथे वेगवेगळ्या खात्यांचा एक कार्यगट चालत होता. २७ जून २००१ ला उपाध्यक्ष चेनी सोनिया गांधींना भेटले, त्या भेटीत त्यांनी दाभोळचा विषय काढला. सोनिया गांधी तेव्हा विरोधी पक्षनेत्या. मग त्यांच्याकडे का? कारण महाराष्ट्रात विलासराव देशमुखांचं सरकार होतं, काँग्रेसच्या नेतृत्वाखालचं. मंत्रालयातली फाइल कोणत्या वाटेने हलू शकते हे तिथल्या अधिकाऱ्यांना पक्कं माहीत होतं. थकबाकी तेव्हा होती सुमारे ६.४ कोटी डॉलर.

९ नोव्हेंबरला वाजपेयी आणि बुश भेटणार होते. अमेरिकेवरच्या हल्ल्याला दोन महिने झालेले, अफगाणिस्तानात युद्ध चालू. त्या भेटीसाठी अध्यक्षांच्या टिपणांत दाभोळ होतं. आदल्या दिवशी, ८ नोव्हेंबरला, एन्रॉनने मागच्या वर्षांचा नफा फुगवून दाखवल्याचं कबूल करून हिशेब दुरुस्त केले. त्याच दिवशी अधिकाऱ्यांना ईमेल गेली की अध्यक्षांना दाभोळबद्दल बोलता येणार नाही. २ डिसेंबरला कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. ही कागदपत्रं जानेवारी २००२ मध्ये अमेरिकेत बाहेर आली, त्यांच्याच माहितीच्या कायद्यामुळे आणि वर्तमानपत्रांमुळे.

तेव्हा ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. आणि यात क्लिंटन यांचे डेमोक्रॅटही होते, बुश यांचे रिपब्लिकनही होते.

---

मस्कतकर

मंडळवाला काकांनी तारखा छान दिल्या आहेत, त्यावर वाद नाही. निष्कर्षावर आहे.

मी वायूच्या धंद्यात आहे. परदेशात आपल्या कंपनीचे पैसे अडकले की दूतावासाकडे जायचं हा सगळ्यांचाच शिरस्ता. आखातात कंत्राटदाराने मजुरांचे पगार थकवले तर आपला दूतावास तिथल्या सरकारशी बोलतो, आणि बोलावंच. आपली एक्झिम बँक आफ्रिकेतल्या देशांना भारत सरकारच्या वतीने कर्ज देते, त्यातही साधारण ७५ टक्के माल आणि सेवा भारतातूनच घ्यायची अट असते. हेही धंदा आणि परराष्ट्र धोरण एकत्रच. मग अमेरिकेने तेच केलं तर त्यात कटकारस्थान कुठलं?

आणि दुसरं. सह्या आपल्या होत्या. १९९३ ची सही, १९९४ ची प्रतिहमी, १९९६ चा सुधारित करार, सगळं आपल्या निवडून आलेल्या सरकारांनी केलं. मुंबई उच्च न्यायालयातही करार टिकला. वॉशिंग्टनला खलनायक केलं की मंत्रालय सुटतं.

---

मंडळवाला

मस्कतकर, सह्या आपल्या होत्या हे शंभर टक्के मान्य. मी कुणालाच सोडत नाही. करार होताना सत्तेत एक पक्ष, फेरकराराला दुसरे, आणि प्रत्येकाने आधीच्यावर बोट ठेवून स्वतः सही केली.

पण दूतावासाने मजुरांच्या पगारासाठी बोलणं आणि हे, यात फरक आहे, आणि तो फरक मला महत्त्वाचा वाटतो. मजुरांच्या बाबतीत दूतावास म्हणतो, तुमच्याच कायद्याप्रमाणे यांचे पैसे द्या. १९९५ मध्ये अमेरिकेचं ऊर्जा खातं काय म्हणालं? हा एक करार मोडलात तर बाकीच्या सगळ्या प्रकल्पांचे पैसे अडतील. ते भारताच्या एकूण पतीला हात घालणं होतं. परकीय चलनाचं संकट ९१ मध्येच सोसलेल्या देशाला त्या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

शिवाय करार न्याय्य आहे का, हे तपासण्याची सोय आपल्याकडे होती. वीज नियामक आयोग होता, न्यायालयं होती, २००१ मध्ये माधव गोडबोले यांची समिती बसली आणि तिने एप्रिलमध्ये अहवालही दिला. कंपनीने आयोगाचा अधिकार मानला नाही. दोन राजधान्यांमधला दबाव चालू असला की या संस्थांचं म्हणणं ऐकून घ्यायला वेळच उरत नाही. माझा आक्षेप त्याला आहे.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची नोंदवतो. २००१ चा दबाव फळला नाही. चेनी बोलले, तरी प्रतिहमीचे पैसे दिल्लीने दिले नाहीत. १९९५-९६ मध्ये जो दबाव चालला तो पाच वर्षांनी का चालला नाही, हे ताईंनी मुलांना शोधायला द्यावं. माझं उत्तर असं की तोवर लोकांनी बिलं पाहिली होती. आठ रुपयांची वीज घ्या असं सांगायला महाराष्ट्रात एकही पक्ष तयार नव्हता.

---

पलूसचा_पाटील

मी सांगलीकडचा, सध्या अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागात असतो. इथे नजर जाईल तिथे गव्हाच्या टेकड्या. दाभोळच्याच काळातलं एक उदाहरण देतो. यात भारत आहे, पण ज्यांच्यामुळे धोरण हललं ते इथले शेतकरी.

मे १९९८ मध्ये पोखरण झालं, पाठोपाठ पाकिस्तानने चाचण्या केल्या. अमेरिकेच्या कायद्यानुसार दोन्ही देशांवर आपोआप निर्बंध लागले. त्यात सरकारी हमीवरची निर्यात-कर्जंही अडकली. आमच्या भागातल्या पांढऱ्या गव्हाचं पाकिस्तान हे फार मोठं गिऱ्हाईक, आणि ती खरेदी व्हायची अशाच कर्जावर. जुलैमध्ये पाकिस्तानची गव्हाची मोठी निविदा निघणार होती. कर्ज नाही तर ऑस्ट्रेलियाचा गहू जाणार, हे इथल्या प्रत्येक धान्य कोठारवाल्याला दिसत होतं.

वॉशिंग्टन, ओरेगॉन, आयडाहो इथले सिनेटर धावले. शेतमालाला निर्बंधांतून वगळणारा कायदा सिनेटमध्ये एकही मत विरोधात न जाता मंजूर झाला आणि १४ जुलैला, निविदेच्या तोंडावर, क्लिंटन यांनी सही केली. अण्वस्त्रप्रसार थांबवण्यासाठी केलेला कायदा दोन महिन्यांत गव्हापुरता बाजूला सरला. वर्षअखेरीस एक्झिम आणि ओपिकवरची बंदीही उठवली. काकांनी लिहिलेल्या त्याच दोन संस्था.

मला यात वाईट वाटण्यासारखं फार दिसत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. अन्न अडवून कुणाला शिक्षा करू नये हे माझं मत आहे, आणि शेतकऱ्याने आपल्या मालासाठी भांडावं हेही. पण रानजाई मॅडम, तुमच्या मुलांना एक फरक दाखवता येईल. गहू उत्पादक उघडपणे भांडले, कायदा बदलून घेतला, मतदान झालं, कोणी काय केलं याची नोंद राहिली. दाभोळचा कार्यगट चालत होता तेव्हा ना अमेरिकन मतदाराला त्याचा पत्ता होता, ना आपल्याला. धंद्याचा दबाव दोन्हीकडे होता. जाब विचारता येणं फक्त एकीकडे होतं.

---

धोपावे_फेरी

सगळे प्रतिसाद वाचले. दिल्ली आली, वॉशिंग्टन आलं, कळवा आलं. ज्यांच्या अंगणात हे झालं ती गावं कुठे आहेत?

आधी एक साधी गोष्ट, कारण बाहेरचे लोक नेहमी चुकतात. प्रकल्प दाभोळला नाही. दाभोळ खाडीच्या पलीकडे, दापोली तालुक्यात. प्रकल्प अलीकडे, गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या अंगाला. मध्ये वाशिष्ठी. मॅडमच्या विद्यार्थ्यांना नकाशा काढायला सांगा, मग कळेल की गरम पाणी कुठे सुटणार, मासेमारी कुणाची बुडणार म्हणून ही माणसं ओरडत होती.

जून १९९७ मध्ये वेलदूरला पहाटे पोलीस घरांत शिरले, बायकांना मारहाण झाली. हे मी ऐकीव सांगत नाही, अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी अहवाल काढला आहे. जानेवारी १९९९ मध्ये ह्युमन राइट्स वॉचचा सविस्तर अहवाल आला. त्यात लिहिलं आहे की विरोध करणाऱ्यांवर बळ वापरणाऱ्या राज्याच्या पोलीस बंदोबस्ताचा खर्च कंपनी देत होती. आणि त्याच अहवालात अमेरिकन सरकारलाही जबाबदार धरलं आहे, कारण ज्या प्रकल्पाला त्यांच्या संस्थांनी पैसा दिला तिथे काय चाललंय याकडे त्यांनी डोळेझाक केली.

परराष्ट्र धोरण म्हणजे मंत्र्यांच्या भेटी एवढंच मुलांना शिकवू नका. तो दबाव शेवटी वेलदूरच्या दारात लाठी होऊन आला. ज्या देशाचं परराष्ट्र खातं दरवर्षी जगातल्या मानवी हक्कांचा अहवाल छापतं, त्याच देशाचा पैसा त्या प्रकल्पात होता. धोरणाची ही दोन अंगं एकमेकांसमोर आली तेव्हा कोणतं जिंकलं, ते खाडीवरच्या कुणालाही विचारा.

---

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. धोपावे_फेरी, नकाशाचं नक्की करते, तेही याच आठवड्यात. पलूसचा_पाटील, उघड दबाव आणि झाकलेला दबाव हा फरक मला फार उपयोगाचा वाटला, त्यावर मुलांकडून निबंध लिहून घेईन.

मंडळवाला काका, एक राहिलं. डिसेंबर २००१ मध्ये कंपनीच बुडाली. मग अमेरिकन सरकारचा यातला रस तिथेच संपला का? मुलं विचारतील, कारण प्रकल्प तर आजही उभा आहे.

---

मंडळवाला

नाही ताई, संपला नाही, आणि माझ्या मांडणीचा सगळ्यात पक्का पुरावा हाच आहे. एन्रॉन गेली, पण सावकार आणि विमा देणारे उरले.

जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल हे दोघे भागीदार होते. त्यांनी लवाद लावले. ओपिकने अमेरिकन गुंतवणूकदारांना विम्याची भरपाई दिली आणि ती वसूल करायला नोव्हेंबर २००४ मध्ये थेट भारत सरकारविरुद्ध लवादाची नोटीस काढली. आधार कोणता, तर दोन्ही सरकारांमध्ये १९९७ मध्ये झालेला गुंतवणूक प्रोत्साहन करार. बघा, मूळ कंपनी जागेवर नाही, तिचे अध्यक्ष खटल्यात अडकलेले, सत्तांतर झालेलं, दिल्लीत मनमोहन सिंगांचं सरकार, आणि तरी भांडण चालू: अमेरिकन सरकारी संस्था विरुद्ध भारत सरकार. वर फळ्यावर काढायला सांगितलेल्या आकृतीतून मधली कंपनी पुसून टाका. बाकीचं जसंच्या तसं राहतं.

२००५ मध्ये तडजोडी झाल्या. जनरल इलेक्ट्रिकला सुमारे १४.५ कोटी डॉलर, बेक्टेलला सुमारे १६ कोटी डॉलर देऊन त्यांचे हक्क विकत घेतले. जुलै २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी वीज व वायू कंपन्यांनी मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी काढली आणि प्रकल्प तिच्याकडे गेला. २००६ पासून तो पुन्हा सुरू झाला, अधूनमधून वायूअभावी बंदही पडला. पुढे रेल्वेला वीज दिली. वायूचं टर्मिनल २०१३ मध्ये चालू झालं.

याच जुलै २००५ मध्ये मनमोहन सिंग आणि बुश यांचं अणुसहकार्याचं संयुक्त निवेदन झालं. मुलांपैकी कोणीतरी हुशार पोर दोन्ही तारखा शेजारी ठेवून म्हणेल, "मॅडम, हे त्यासाठीच मिटवलं." तिला शाबासकी द्या आणि लगेच विचारा, कागद कुठे आहे? चेनींच्या बाबतीत कागद आहे, ऊर्जा खात्याचं निवेदन आहे, विस्नर यांची नेमणूक नोंदीत आहे. दोन तारखा जवळ आल्या एवढ्यावर काही सिद्ध होत नाही.

वाचायला द्यायचं झालं तर क्रम असा ठेवा: आधी गोडबोले समितीचा अहवाल, मग ह्युमन राइट्स वॉचचा १९९९ चा अहवाल. वीज खरेदी करार शेवटी, आणि त्यातलं फक्त स्थिर आकाराचं कलम. वरचं ९५ कोटींचं गणित मुलांकडून स्वतः करून घ्या, ९० टक्के, ६० टक्के आणि ४० टक्के अशा तीन पातळ्यांवर. अडलं तर इथेच लिहा, मी उत्तर देईन.